मदत हवी आहे: फ्रीबीएसडी शिकायला नेमकं काय वाचू?

नमस्कार मंडळी. सहा वर्षं उबुंटू लिनक्स वापरतोय, आता जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं, पण वायफायपाशी घोडं अडलं. नेटवर शोधलं की निम्मी उत्तरं लिनक्सची निघतात, उरलेली कुठल्या तरी जुन्या आवृत्तीची. इथे सॉफ्टवेअर टाकायला उबुंटूसारखं 'एपीटी' नाही, 'पीकेजी' आहे, हे कळायलाच एक संध्याकाळ गेली!

फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक उघडलं. लिहिलंय छान, पण कुठून सुरुवात करावी कळेना. मग 'मॅन आरसी.कॉन्फ' ही कमांड देऊन सिस्टिमच्या सेटिंग फाइलचं मदतीचं पान (मॅन पेज) उघडलं, तर एकेका सेटिंगची माहिती पानंच्या पानं. मॅन पेजेसचे विभाग असतात, ५ म्हणजे फाइलींची रचना, ८ म्हणजे सिस्टिम सांभाळायच्या कमांड, एवढं उमगलंय. इथली मॅन पेजेस लिनक्सपेक्षा मन लावून लिहिलेली वाटतात, उदाहरणंसुद्धा आहेत. पण कमांडचं नावच माहीत नसेल तर शोधायचं कसं? शब्दावरून मॅन पेज शोधणारी 'अप्रोपो' कमांड 'अप्रोपो वायरलेस' अशी देऊन बघितली, भलीमोठी यादी आली.

तर जाणकारांनो, हँडबुकातली कोणती प्रकरणं आधी वाचू? आणि एखादं पान माझ्या १४ आवृत्तीला लागू आहे की नाही, हे तुम्ही कसं ताडता? मराठीत कुणी टिपणं काढली असतील तर फारच उत्तम. तोवर फोनचं नेट यूएसबीने जोडून काम भागवतोय.