‘टँक’चं मराठी: टाकं, टाकी की तलाव?

भाषांतरातली अडचण: एका माहितीपत्रकात मुंबईची बाणगंगाही ‘टँक’ आणि कान्हेरी लेण्यांच्या कातळात कोरलेला पाणीसाठाही ‘टँक’. दोन्हीकडे ‘टाकी’ लिहिलं, तर वाचकाला गच्चीवरची टाकी दिसेल. काय लिहावं?

दुर्गवाचक: कान्हेरीला ‘टाकं’च. कातळात खाली कोरलेलं, तोंड लहान. ऊन कमी लागतं म्हणून शेवाळ कमी धरतं, पाणीही कमी उडून जातं. आत छताला आधार म्हणून खांब सोडले असतील तर ते खांबटाकं. तिथल्या प्राकृत शिलालेखांत याला ‘पोढी’ म्हटलंय. बाणगंगेला चारही बाजूंनी पायऱ्या आणि जिवंत झरा, ते कुंड किंवा तलाव. त्याला टाकी कदापि म्हणू नका.

व्युत्पत्तीप्रेमी: मुळात ‘टँक’ आपलाच आहे हो! गुजराती-मराठी टांकी, टांकें यांवरून तो इंग्रजीत गेला.

दुसरी बाजू: एवढं सरळ नाही. पोर्तुगीज ‘तांके’ही आहे, पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. इंग्रजी शब्दाला दोन्हीकडून बळ मिळालं असावं. काही जण संस्कृत ‘तडाग’पर्यंत जातात.

व्युत्पत्तीप्रेमी: तडागाचं मराठीत तळं झालं, ड चा ळ. मग टांकें मध्ये अनुस्वार आणि क कुठून आले? जुन्या लेखनात दगड फोडायची ‘टांकी’ही तशीच लिहीत, ती संस्कृत ‘टंक’वरून. टाकीने कोरलं ते टाकं, असं मला वाटतं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि हा धागा डोळ्याआड झाला.

गिरगावकर: व्युत्पत्ती काहीही असो, रूढी बघा. मुंबईतला धोबी तलाव ‘तलाव’ राहिला, पण सीपी टँकला कुणी तलाव म्हणत नाही. दोन्हीकडे आज पाणी नाही. ८ ऑगस्ट १९४२ची ‘छोडो भारत’ची सभाही गोवालिया टँकवरच झाली असं आपण म्हणतो. विशेषनाम भाषांतरित करू नये.

शुद्धतेचा आग्रही: मग ‘रणगाडा’ कशाला घडवला? तिथेही टँकच चाललं असतं.

दुर्गवाचक: कारण ते नावच फसवं होतं! पहिल्या महायुद्धात गुप्तता राखायला ब्रिटिशांनी त्या यंत्राला पाण्याची टाकी म्हटलं. १५ सप्टेंबर १९१६ला सोमच्या लढाईत ते प्रथम उतरलं. शब्दशः मराठी केलं असतं तर ‘लढाऊ टाकी’ झाली असती. रणगाडा कामावरून घडवलेला शब्द आहे, म्हणून तो टिकला.

गिरगावकर: टिकला तो वर्तमानपत्रांत. बोलताना आजही ‘टँक’च ऐकू येतं.