मेनस : धमकी, उपद्रव की सावट?

इंग्रजी ‘स्ट्रे डॉग मेनस’चा मराठी बातमीत ‘भटक्या कुत्र्यांचा उपद्रव’ होतो आणि तो योग्यच आहे. पण कादंबरीत ‘मेनसिंग सायलेन्स’ आला की उपद्रव उपयोगाचा नाही, धमकीही नाही. गप्प बसलेला माणूस धमकी कशी देईल? या शब्दाच्या पोटात नेमकं काय आहे, ते त्याच्या कुळाकडे गेल्यावर कळतं.

मेनस इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, इ.स. १३००च्या सुमारास. मूळ लॅटिन. ‘मिनाए’ म्हणजे धमक्या. पण तटाच्या भिंतीवरून वर किंवा पुढे आलेल्या टोकांनाही मिनाएच म्हणत. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात कार्थेज नगरीची राणी डायडो प्रेमात बुडते, नगरीचं बांधकाम थांबतं आणि ‘भिंतींचे प्रचंड मिनाए’ अर्धवट उभे राहतात. तिथे बुरुजांची टोकं समजायची की छातीत धडकी भरवणारी उंची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला तर तिथे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

मुळातली कल्पना आहे पुढे आलेलं, झुकलेलं असण्याची. एमिनंट, प्रॉमिनंट आणि इमिनंट हे शब्द याच घरातले. एमिनंट म्हणजे इतरांतून वर उठून दिसणारा. इमिनंट म्हणजे डोक्यावर येऊन झुकलेलं, आता कोसळेल असं. घाटाखालच्या वाडीला पावसाळ्यात वरची दरड जशी दिसते, तसं. दरड काही बोलत नाही. ती नुसती तिथे असते.

याच कुळाची दुसरी शाखा मला फार आवडते. ‘मिनारी’ म्हणजे धमकावणं. त्यातून पुढच्या काळात ‘मिनारे’ झालं आणि त्याचा अर्थ गुरं हाकणं, अर्थात ओरडून, दरडावून. त्याचं फ्रेंचमध्ये ‘मने’ झालं, म्हणजे नेणं; आणि तिथून प्रॉमनाड (फेरफटका), अमीनेबल (सहज वळवता येणारा), डिमीनर (वागण्याची ढब) असे शब्द आले. समुद्रकाठच्या फेरफटक्याचा शब्द गुराख्याच्या आरोळीतून निघाला! आपल्याकडेही ‘हाक’ आणि ‘हाकणे’ जवळजवळच बसलेत.

‘थ्रेट’चं घराणं वेगळं, जर्मानिक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गर्दी, जमाव, आणि त्यातून दडपणूक असा होता. इंट्रूड (घुसणे), प्रोट्रूड (बाहेर येणे) ज्यातून आले त्या लॅटिन ‘ढकलणे’ क्रियापदाशी त्याचं नातं आहे. म्हणजे थ्रेटच्या मुळाशी रेटा आहे आणि मेनसच्या मुळाशी डोक्यावर झुकणं.

मराठीत हा फरक करायला शब्द भरपूर आहेत, आपण ते वापरत नाही एवढंच. धमकीला देणारा माणूस लागतो. म्हणून बॉम्बची धमकी असते, पण पुराचा धोका असतो. ‘थ्रेट’ दिसला की सरसकट धमकी लिहिणाऱ्यांनी इथे थांबावं. हा धोका हिंदीतल्या फसवणुकीच्या ‘धोखा’हून वेगळा, हेही हिंदीवरून अनुवाद करताना ध्यानात ठेवायला हवं. तंबी, ताकीद आणि जरब हे तिन्ही मूळ अरबी. त्यातल्या जरबेचा मूळ अर्थ फटका, पण मराठीत ती न बोलताही बसते: हेडमास्तर नुसते वर्गाबाहेरून गेले तरी. मेनसच्या जवळ जाणारा गुण तो हाच.

पण संकट डोक्यावर तरंगत असेल तर माझं मत ‘सावट’ला. युद्धाचं सावट, दुष्काळाचं सावट. ‘टांगती तलवार’ही चालेल, ती केसाने टांगलेल्या तलवारीखाली बसलेल्या डॅमोक्लिसच्या ग्रीक कथेतून आपल्याकडे आली आणि छान रुळली. ‘मेनसिंग’ या विशेषणाला मात्र नाम शोधत बसू नये, ‘अंगावर येणे’ हे क्रियापद घ्यावं. अंगावर येणारी शांतता, अंगावर येणारे ढग. मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

कायद्याच्या मजकुरात यातलं काहीच चालणार नाही. ब्रिटनच्या १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये, कलम २१ खाली, ब्लॅकमेलची व्याख्या ‘विथ मेनसेस’ केलेली मागणी अशी आहे. लॅटिन मिनाएसारखंच इथेही अनेकवचन. तिथे ‘धाकदपटशा’ लिहावा. त्यात धाकही आहे आणि दपटणंही, आणि आपल्या कायद्याच्या मराठीला तो शब्द परका नाही.