एचएमटी पायलटला नवी डायल बसवली की किंमत जाते का?

काळी_डायल:
पायलट हे एचएमटीचं काळ्या डायलचं मॉडेल. जुन्या पायलटच्या जाहिरातीत ‘फुल सर्व्हिस, नवी डायल’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. संग्राहकाच्या लेखी तिथेच किंमत गेली. मेनस्प्रिंग, गॅस्केट (पाणी-धूळ अडवणारी रबरी कडी), काच खुशाल बदला, त्या झिजणाऱ्याच वस्तू. पण ०२३१ क्रमांकाचं, १७ ज्युएलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) मशीन एचएमटीच्याच ‘जनता’ मॉडेलमध्येही आहे आणि पायलटमध्येही. मग पायलटला पायलट ठरवतं कोण? डायल आणि काटे. जनताच्या मशीनवर नवी छापलेली काळी डायल चढवली की ‘पायलट’ तयार, आणि बाजारात असले नग भरपूर आहेत.

अशी डायल दहापट भिंगाखाली बघा: अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाडीच्या, मधल्या भोकाच्या कडेवर रंग ओघळलेला.

चावी_दिली:
अर्धंच पटलं. बाहेर पुन्हा रंगवलेली डायल आणि कारखान्याची न वापरलेली सुटी डायल यांना एकाच मापाने मोजू नका. ओल शिरून डायलचा रंग पापुद्रे होऊन सुटायला लागला की ते कण मशीनमध्ये पडतात, तेलात मिसळतात आणि झीज वाढवतात. असं घड्याळ ‘मूळ’ म्हणून तसंच ठेवायचं? एचएमटी हे रोज मनगटावर बांधायचं घड्याळ. कारखान्याची डायल लावली, काढलेली पुडीत घालून सोबत दिली, तर किंमत कमी धरण्याचं कारण मला दिसत नाही.

काळी_डायल:
पुडी दिली तर उत्तमच, पण किती विक्रेते देतात? शिवाय सुटी डायल त्याच काळातली असावी लागते. रोलेक्सचं उदाहरण घ्या. अंधारात चमकायला ट्रिटियम लावलेल्या जुन्या सबमरीनर मॉडेलला सर्व्हिसमध्ये ल्युमिनोव्हा या नंतरच्या चमकत्या रंगाची डायल बसवली, तर भाग कंपनीचाच असतो, तरी भाव पडतो. ओमेगा स्पीडमास्टरच्या जुन्या बेझलवर (काचेभोवतीच्या आकडे असलेल्या कड्यावर) ठिपका ९० च्या डोक्यावर असतो, नंतरच्यावर बाजूला. तेवढ्या ठिपक्यासाठी लोक नुसत्या बेझलचे वेगळे पैसे मोजतात.

चावी_दिली:
लाखांच्या घड्याळांचा नियम एचएमटीला लावला तर चालू घड्याळं ड्रॉवरमध्ये पडून राहतील.

सुटे_भाग:
दोघांनीही डायलच्या पायांचा विषय काढला नाही. दुसऱ्या मशीनची डायल बसवताना मागचे दोन पाय छाटतात आणि ती चिकटपट्टीवर टेकवतात. काही महिन्यांत ती सरकते, मधलं भोक तासकाट्याच्या नळीला घासतं आणि घड्याळ थांबतं. घेण्याआधी विक्रेत्याकडे डायलच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. पाय शाबूत नसतील तर डायल कुठून आली, हा वाद घालायचंही कारण उरत नाही.

काट्यांचंही तेच. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलं पाहिजे. आखूड असेल तर काटा दुसऱ्या मॉडेलचा समजा.

आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला, बफ (पॉलिशचं चाक) मारू देऊ नका. लग्जच्या (पट्टा अडकवायच्या टोकांच्या) धारा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. डायल निदान शोधून मिळते.

काळी_डायल:
बफबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या हिशोबात पॉलिश केलेली केस रंगवलेल्या डायलच्या खालोखाल वाईट.

चावी_दिली:
माझ्या हिशोबात तिच्याही वर. डायल पुन्हा बदलता येते, घासून गेलेला धातू नाही.