तार आधी खरडून पाहा
ताई, चौथीच्या पोट्ट्यांचा बल्ब नवा सेल लावूनबी पेटत नाही म्हणता, तर आधी तार पाहा बरं. आमच्याइकडे तार म्हणजे मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची, तिच्यावर वार्निश राहते, दिसते चकचकीत तांबं पण करंट काही जात नाही, म्हणून दोन्ही टोकं ब्लेडनं खरडून घ्या (तुम्हीच, पोट्ट्यांच्या हाती ब्लेड नका देऊ). अन् पोट्टे दोन्ही तारा बल्बच्या बुडालाच लावतात, एक बुडाच्या टिकलीला न दुसरी बाजूच्या धातूला लागली तरच सर्किट पूर्ण होते. पांढरा एलईडी असेल तर १.५ व्होल्टचा एक सेल पुरत नाही, दोन जोडा, लांब पाय प्लसकडे. घरच्या बोर्डात २३० व्होल्ट, तिथं हात नाही लावायचा हे पहिलेच सांगून ठेवा, लय उपद्व्यापी असतात बाप्पा.