अमेरिकेचं टॅरिफ (आयात कर) भरतं कोण? आणि व्हिसा आवळला की तिथे नोकऱ्या वाढतात का?

वागळे_इस्टेटवाला:
आमचं कॅनव्हासच्या पिशव्यांचं छोटं युनिट आहे, थोडा माल अमेरिकेला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आधी २५ टक्के, मग आणखी २५ लागले तेव्हा दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. थोरला भाऊ न्यू जर्सीत, एच-वन-बीवरच (नोकरीसाठीचा व्हिसा) गेलेला, आता सिटिझन. तो ऐकवतो, "टॅरिफ तुम्ही भरता, पैसा आमच्या तिजोरीत. व्हिसा बंद केले की आमच्या पोरांना नोकऱ्या." स्वतः चढला, आता दारात उभा राहून डबा फुल सांगतोय! पण ते जाऊ दे. मुद्द्यात दम आहे का?

बेलापूर_क्लिअरिंग:
न्हावा शेव्याच्या फाइली करण्यात हयात गेली, म्हणून सांगतो. आपल्या शिपिंग बिलात (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) अमेरिकेच्या ड्यूटीचा, म्हणजे टॅरिफचा, रकानाच नसतो. ती भरतो तिकडचा इम्पोर्टर, तिकडच्या कस्टम्सला. मग तो दोन्हीकडे हात पसरतो: तुमच्याकडे डिस्काउंट मागतो, उरलेलं गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो. तेव्हा झळ तुम्हालाही लागते, पण "भारत भरतो" हे खोटं.

भावाला २०१८ चं वॉशिंग मशीनचं प्रकरण सांगा. टॅरिफ लागलं मशीनवर, भाव चढला साधारण ८६ डॉलर. कपडे वाळवायच्या ड्रायरवर टॅरिफ नव्हतंच, तरी तोही सुमारे ९२ डॉलरनी महागला, कारण दोन्ही जोडीने विकतात आणि दुकानदारांनी संधी साधली. नोकऱ्या वाढल्या अंदाजे १,८००. ज्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला त्यांच्या मते एकेका नोकरीपायी ग्राहकांना वर्षाला ८ लाख डॉलरहून जास्त पडले.

ऐरोली_रात्रपाळी:
व्हिसाचं मी सांगते. एच-वन-बीचा वर्षाचा कोटा ६५ हजार, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. मध्यंतरी तो १ लाख ९५ हजारांवर गेला होता, २००४ मध्ये पुन्हा ६५ हजारांवर आणला. त्यावरच्या अभ्यासात दिसलं की अशा व्हिसांवर अवलंबून असलेल्या कंपन्यांनी कॅनडा, भारत आणि चीनमध्ये भरती वाढवली. आमच्याच टीममधल्या एकाचं लॉटरीत नाव लागलं नाही. तेच काम तो आता ऐरोलीत बसून करतो. घरभाडं इथे, टॅक्स इथे, मुलाची फी इथे. अमेरिकन पोराला काय मिळालं? रात्री साडेनऊला आमच्याबरोबर कॉल!

सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर लावले. एवढे पैसे फ्रेशरसाठी कोण भरणार?

पोखरण_रोड:
थांबा, भाऊ अगदीच चुकीचा नाही. एच-वन-बीवाल्याचा व्हिसा कंपनीच्या हातात. कंपनी बदलायला कायद्याने मुभा आहे, पण ग्रीन कार्डात (तिथे कायम राहायचा परवाना) कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपली माणसं वर्षानुवर्षं रांगेत. असा माणूस पगारासाठी भांडत नाही, आणि शेजारच्या अमेरिकनाचाही पगार दबतो. उपाय म्हणाल तर दार लावणं नव्हे, रांग हलवणं.

मालाचंही तसंच. २००० साली अमेरिकेत कारखान्यांत पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं होती, २०१० ला सव्वा कोटीहूनही कमी. २००८ ची मंदी आणि यंत्रं यांचा त्यात वाटा आहेच, पण चिनी मालाचा फटकाही खरा. स्वस्त टी-शर्ट सगळ्या देशाला मिळाला, नोकरी मात्र नॉर्थ कॅरोलिनातल्या ठरावीक गावांची गेली. आमच्या रोडवरचे कारखाने गेले, टॉवर आले, तेव्हा फ्लॅट घेणारे वेगळे आणि घरी बसलेले वेगळेच होते.

वागळे_इस्टेटवाला:
ड्रायरचं भावाला पाठवलं, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. बेलापूरकर, नवा बायर डीडीपीवर माल मागतोय. हो म्हणू का?

बेलापूर_क्लिअरिंग:
डीडीपी म्हणजे तिकडची ड्यूटी तुमच्या गळ्यात. मग भावाचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं ठरेल! जमलं तर एफओबीच धरा, म्हणजे माल इथे बोटीवर चढला की पुढचा खर्च बायरचा. नाहीच ऐकलं तर आजच्या ड्यूटीने कोट द्या आणि दर बदलला तर फरक बायरचा, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर नको, पीओमध्येच (बायरची लेखी ऑर्डर).