'कूल' तितका नवा नाही

इंग्रजी 'कूल'चा 'झकास' हा अर्थ हल्लीच्या पोरांनी काढला, असं अनेकांना वाटतं. तो बराच जुना आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बोलण्यातून तो पसरला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला त्याचं बरंच श्रेय देतात. वर्णभेदाच्या त्या दिवसांत कूल राहणं म्हणजे अपमान गिळतानाही चेहऱ्यावर काही न दिसू देणं. ही बाजू विसरली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला सगळ्यात आवडतो तो अब्राहम लिंकनचा 'कूल'. 27 फेब्रुवारी 1860, न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन या संस्थेतलं भाषण. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे म्हणत होते, रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचा, अध्यक्ष निवडून आला तर आम्ही देश फोडू, आणि पाप तुमच्या माथी. त्यावर लिंकन म्हणाला, 'दॅट इज कूल!' पुढे दाखला दिला: वाटमाऱ्या कानाला पिस्तूल लावून म्हणतो, पैसे दे, नाहीतर तुला मारीन आणि खुनी तू ठरशील! इथे 'कूल' म्हणजे निर्ढावलेपणा.

पैशांच्या बाबतीतही गंमत आहे. इंग्रजीत मोठी रक्कम 'कूल' असते ('अ कूल मिलियन'), अठराव्या शतकापासून. आपल्याकडे मात्र ती खणखणीत!

आणि आपला 'थंड' तरी कुठे एकमार्गी आहे? आई म्हणते 'थंड डोक्याने विचार कर', आणि खूनही थंड डोक्यानेच होतो. 'गार पडला' म्हणजे तर खेळच आटोपला.