पहिली-दुसरीच्या वर्गात घरी तीन वेगळ्या भाषा बोलणारी मुले असतील, तर मराठी कशी शिकवावी?

नवी शिक्षिका, किनवट तालुका

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत जूनपासून पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. माझे माहेर लातूरकडचे असल्याने मराठीखेरीज दुसरी भाषा घरात कधी कानावर पडली नाही. वर्गातील 24 मुलांपैकी 14 बंजारा तांड्यावरची असून ती घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, 6 कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, असून घरी कोलामी बोलतात आणि उरलेली 4 तेलुगू बोलणाऱ्या घरांतली आहेत. पहिले दोन महिने ही मुले वर्गात बोलतच नव्हती, म्हणून मी त्यांना अबोल समजत होते. मधल्या सुट्टीत त्यांचाच कलकलाट आवरेना, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. एका मुलीला भाकरीचे चित्र दाखवून "हे काय?" असे विचारले असता ती "बाटी" म्हणाली आणि मी "चूक" म्हणून मोकळी झाले. त्यानंतर तीन दिवस तिने तोंड उघडले नाही. काही मुले 'घर' हा शब्द 'गर' असा लिहितात, तर काही 'एकवीस' ऐकून 12 लिहितात. वरिष्ठांचा आग्रह असा की वर्गात मराठीशिवाय दुसरा शब्द येऊ देऊ नये, नाहीतर मुलांना सवय लागणार नाही. हे बरोबर आहे का? आणि नसेल, तर तीन भाषा मी एका वर्षात कोठून शिकावयाच्या?

सीमेवरचा गुरुजी, देगलूर

मॅडम, तीन भाषा शिकण्याची गरज नाही. मूल जिथे अडते तिथे त्याच्या घरची भाषा काय करते, एवढे समजले तरी पुष्कळ आहे. कोलामी आणि तेलुगू या द्रविड कुळातील भाषा आहेत आणि त्यांच्या मूळ शब्दांत ख, घ, ध, भ असे महाप्राण वर्ण नसतात. त्यामुळे 'गर' लिहिणारे मूल निष्काळजी नसते, तर त्याच्या कानाला ग आणि घ यांतला फरक अजून ऐकूच येत नसतो. लाल शाईने तो ऐकू येणार नाही. तळहात तोंडासमोर धरून 'गार' आणि 'घार' म्हणायला लावावे, घ म्हणताना हातावर जोराने हवा लागते हे मुलांना गमतीचे वाटते, आणि लेखन त्यानंतर घ्यावे.

संख्यांचे दुखणे मात्र निराळे आहे. मराठीत आपण 'एकवीस' म्हणताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. तेलुगूत 'इरवै ओकटि' म्हणजे आधी वीस, मग एक. कन्नडमधील 'इप्पत्तोंदु' याचीही रचना तीच. म्हणजे ज्या मुलाच्या घरी बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळतो, त्याला आपण तो उलटा करावयास सांगतो आणि ते गोंधळले की गणितात कच्चे ठरवतो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आणली, तेव्हा तिची भरपूर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी सीमेवरच्या वर्गात पाढे घेतले असतील, कोण जाणे. मी आजही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडून आधी मुलाकडून त्याच्या भाषेत मोजून घेतो, मग 'वीस आणि एक' म्हणवतो आणि शेवटी 'एकवीस' सांगतो.

आपल्या वरिष्ठांच्या आग्रहाविषयी एवढेच सांगतो की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोखही तोच आहे.

तांड्यावरची लेक, परभणी

मी स्वतः तांड्यावर वाढले आणि आता शिक्षिका आहे. आमच्याकडे आईला 'याडी' म्हणतात. पहिलीत असताना मी वर्गात "मारी याडी" म्हणाले, तेव्हा सगळी मुले हसली, कारण त्यांना 'येडी' ऐकू आले, आणि बाईही हसल्या. त्या दिवसापासून शाळेत मी आईचा उल्लेखच टाळला. मॅडम, त्या मुलीने तीन दिवस तोंड का उघडले नाही, हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

वरच्या सरांशी मी सहमत आहे; तरीही एक काळजी वाटते. संस्कृतीची जाण म्हटले की अनेक शाळांत बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या जयंतीला, 15 फेब्रुवारीला, मुलींना फेटिया-कांचळी हा आमचा पारंपरिक पोशाख नेसवून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी "शाळेत तांड्याची भाषा नको" म्हणून दटावतात. शिवाय सगळ्याच पालकांना वर्गात गोरमाटी हवी असते असेही नाही. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांशी मुद्दाम मराठीतच बोलण्याचा नेम केला होता, कारण बोलीमुळे हसे होते हे त्यांनी भोगले होते. पालकांना न विचारता हा प्रयोग सुरू केलात, तर "आमच्या लेकरांना मागे ठेवता का?" असा प्रश्न येईल आणि तो गैर नसेल. एखाद्या संध्याकाळी तांड्यावर जाऊन बसावे; बोली ही मराठीपर्यंत नेणारी वाट आहे, मराठी शिकवणे थांबणार नाही, हे त्यांना तोंडाने सांगावे लागते.

नवी शिक्षिका, किनवट तालुका

दोघांचेही मनापासून आभार. काल फळ्यावर भाकरीचे चित्र काढून त्याखाली 'भाकरी' लिहिले आणि त्या मुलीला म्हटले, "तुझा शब्द मला शिकव." तिने "बाटी" सांगितले, मी चुकीच्या हेलात म्हटले आणि वर्ग माझ्यावर हसला, ती सर्वांत जास्त हसली. तेलुगू मुलांनी 'रोट्टे' सांगितले. मात्र त्या शेवटच्या 'ए'चा उच्चार ती आखूड करतात आणि मराठी लिपीत आखूड 'ए'साठी मात्रा नाही. त्यासाठी वेगळी खूण शिकवावी का?

सीमेवरचा गुरुजी, देगलूर

पहिलीत नको. त्यांचे शब्द तोंडीच राहू द्या, फळ्यावर लिहिलेत तरी त्यांचे शुद्धलेखन तपासू नका. आणि कोलाम मुलांचा शब्द राहिला, तोही विचारा.